ईलिंगच्या म्हाताऱ्या आणि मिस मार्पल

अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलविषयी बोलणे निघाले की कोणीतरी एक वाक्य ठोकून देतोच : ही म्हणजे लेखिकेची आजी. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. लेखिका १९७६ च्या जानेवारीत वारली आणि पुढच्या वर्षी तिचे आत्मचरित्र निघाले. त्यात तिने स्वच्छ सांगून ठेवले आहे की, मिस मार्पल हे आजीचे चित्र नव्हे. ती आजीहून पुष्कळच काटेकोर आणि अविवाहित बायकांच्या वळणाची आहे. तिचे खरे माहेर आजीच्या मैत्रिणींत आहे. लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथे आजीकडे येऊन बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या, आणि लहानपणी ज्या ज्या खेड्यांत राहण्याचा योग आला तिथे भेटलेल्या तशाच इतर.

आजीचे नाते मात्र आपल्या घरांत शोभेल असे आहे. मार्गारेट मिलर ही अ‍ॅगाथाच्या वडिलांची सावत्र आई, आणि त्याच वेळी तिच्या आईची सख्खी मावशी. मावशीने भाचीला वाढवले आणि पुढे त्या भाचीचे लग्न मावशीच्याच सावत्र मुलाशी झाले. म्हणून घरात तिला ‘आन्टी-ग्रॅनी’ म्हणत. आपण मावशी-आजी म्हटले असते. हिचा एकच गुण लेखिकेने मिस मार्पलला दिला. बाई स्वभावाने आनंदी, पण प्रत्येक माणसाकडून वाईटाचीच अपेक्षा धरायची, आणि बहुतेक वेळा तिचेच खरे व्हायचे.

दुसरा उगम कादंबरीतच सापडतो. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅकरॉइड’ (१९२६) मध्ये डॉक्टरची बहीण कॅरोलाइन आहे. घराबाहेर न पडता तिला गावातले सगळे कळते. ह्या पुस्तकाचे ‘अ‍ॅलिबाय’ हे नाटक १९२८ च्या मे महिन्यात रंगभूमीवर आले, तेव्हा नाटककाराने कॅरोलाइनला काढून तिच्या जागी एक देखणी तरुणी आणली. लेखिकेला हे फार लागले. त्याच वेळी मिस मार्पल मनात जन्मली असावी, असे ती म्हणते. आता मिस मार्पलची पहिली कथा १९२७ च्या डिसेंबरात छापून आली होती, म्हणजे नाटकाच्या आधी. पण नाटकाचे लिखाण प्रयोगाच्या पुष्कळ आधी होते, तेव्हा हा हिशेब अगदीच चुकत नाही. म्हातारी बाई नाटकात चालत नाही म्हणणाऱ्यांना मिळालेले हे उत्तर आम्हांला तरी आवडते.

त्या पहिल्या कथेत सहा माणसे मंगळवारी रात्री जमून न उलगडलेल्या गुन्ह्यांच्या गोष्टी सांगायचे ठरवतात. मोजताना पाचच भरतात. खुर्चीत काळ्या लेसची टोपी घालून विणत बसलेल्या म्हातारीला कोणी धरतच नाही. तिला स्वतःच आठवण करून द्यावी लागते. पुढे वकील, धर्मोपदेशक सगळे चुकतात आणि हीच बरोबर निघते, तेही स्वयंपाकघरातल्या एका साध्या माहितीवर. रहस्य आम्ही फोडत नाही. तिच्या डोक्यात त्या वेळी काय घोळत असते, तर शेजारणीने दुकानातून घेतलेली सोललेली कोळंबी घरी पोहोचेपर्यंत गेली कुठे! (कोळंबी आपल्या पानात बसत नाही, ते सोडा. प्रश्न मात्र आपल्या आळीतला आहे.)

हीच तिची पद्धत. खुनी तिला कुठल्यातरी ओळखीच्या माणसासारखा दिसतो. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात तिने कित्येक वर्षे मोलकरणी, दुकानदार, नवरे आणि विधवा पाहिलेल्या असतात.

पण इथे आमच्यासारख्या वाचकाला एक खडा लागतो. ज्या दिवाणखान्यांनी ही नजर दिली, त्यांनीच आणखी एक गोष्ट दिली. ख्रिस्तीच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत, ‘द सीक्रेट ऑफ चिम्नीज’ (१९२५) मध्ये तर ठळकपणे, यहुदी माणूस येतो तो तयार साच्यातून : नाक, पैसा, परकेपणा. पुढे बगदादमध्ये एका जर्मन पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या तोंडून यहुद्यांना नाहीसे करण्याची भाषा ऐकून ती हादरली, हे तिनेच लिहिले आहे. तरीही १९४७ साली अमेरिकेतल्या अँटी-डिफमेशन लीगला तिच्या तिकडच्या प्रकाशकाकडे लेखी तक्रार करावी लागली, आणि नंतर अमेरिकन आवृत्त्यांतून असे उल्लेख गाळले जाऊ लागले. त्या काळी सगळेच तसे लिहीत, हा बचाव आम्हांला पुरेसा वाटत नाही. मिस मार्पलचा संशय निराळा आहे. तो चाळीस वर्षे शेजारी राहून, पाहून आलेला असतो, आणि म्हणून तो माणसापर्यंत पोहोचतो. साच्यातला यहुदी कोणी पाहिलेलाच नव्हता. तिच्याच कसोटीला लावले तर लेखिका तिथे वाईट गुप्तहेर ठरते.

ओळख गावातच राहते असेही नाही. ‘अ कॅरिबियन मिस्टरी’ (१९६४) मध्ये भाचा तिला हवापालटासाठी वेस्ट इंडीजला पाठवतो. समुद्र, ताडमाड, रोजची तीच सुंदर हवा. बाईला कंटाळा येतो, कारण तिथे काही घडतच नाही. मग घडते, आणि परक्या बेटावरही तिला आपल्या खेड्यातलीच माणसे दिसू लागतात. रेवदंड्याहून किंवा भायखळ्याहून दिमोनाच्या इमारतीत येऊन राहिलेल्या आपल्या आज्यांना हा भाग कोणी समजावून सांगायला नको. हिब्रूची चार वाक्ये धड येत नसताना जिन्यातल्या मोरोक्कन शेजारणीचा स्वभाव त्यांनी पहिल्या महिन्यात ओळखला होता.

चित्रपटांनी मात्र घोटाळा केला. १९६१ ते १९६४ मधल्या चार चित्रपटांत मार्गारेट रदरफर्डने केलेली धावपळ गमतीची, पण ती कोणाच्याही नजरेत भरेल अशी बाई आहे. ही तर मोजदादीत सुटणारी हवी. लेखिकेला ते चित्रपट रुचले नाहीत, तरी नटीबद्दल आदर म्हणून १९६२ ची एक कादंबरी तिने तिला अर्पण केली. जोन हिक्सन नावाच्या नटीला तिने १९४० च्या दशकातच कळवले होते की, कधीतरी माझी मिस मार्पल तुम्ही करावी. तो योग १९८४ मध्ये बी.बी.सी.वर आला, लेखिका गेल्यानंतर आठ वर्षांनी.

नव्याने वाचू पाहणाऱ्यांनी ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ (१९३२) हा कथासंग्रह आधी घ्यावा आणि मग ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज’ (१९३०). ह्या दोन पुस्तकांतली मार्पल खरी ईलिंगची आहे : जिभेला धार, खिडकीशी डोळा, शेजाऱ्यांना थोडी नकोशी. पुढे पुढे ती मऊ होत गेली, सर्वांची लाडकी आजी झाली. ‘नेमेसिस’ (१९७१) पर्यंत येताना तर ती न्यायदेवताच बनते. पासष्ट-सत्तरीची म्हणून जन्माला घातलेल्या बाईला इतकी वर्षे जगवावी लागेल, हे लेखिकेच्या ध्यानात आले नव्हते. आम्हांला त्या न्यायदेवतेपेक्षा कोळंबीची चौकशी करणारी जास्त जवळची वाटते.