वाचनाचा तास कुठे आहे?

मुलांना वाचता येत नाही म्हटलं की आपण शिक्षकांची प्रशिक्षणं काढतो, पुस्तकं वाटतो. बिहारमध्ये ‘प्रथम’ संस्थेच्या प्रयोगात एवढ्यानं भागलं नाही. वर्ग पाठ्यपुस्तकामागेच धावत राहिले. 2012-13 साली हरियाणात रोजचा एक तास वेगळा काढला. तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवली. देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः शिकवून पाहिलं. तिथं मुलांचं हिंदी सुधारलं.

आमचा आक्षेप इथंच आहे. पोर्शन संपवणं हे कर्तव्य, आणि मागं राहिलेल्या मुलाला वेळ देणं हा उपकार, असं आपण धरून चालतो. अक्षरावर अडलेल्या मुलापुढं पाचवीचा धडा ठेवणं ही समानता नव्हे. जिल्ह्यानं आदेश जरूर काढावा. पण वेळापत्रकात तो तास कुठे आहे, हे आपण विचारलंच पाहिजे.