टाकाऊ मासळीतून कोलॅजेन : हिशेब कुठे चुकतो?

एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असता ‘टाकाऊतून टिकाऊ’ या दालनात आम्हाला माशांच्या कातडीचा एक प्रकल्प दिसला. तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘कोलॅजेनचा उतारा ५० टक्के’. ५० टक्के कशाचे, असे विचारताच मुले एकमेकांकडे पाहू लागली. दोष मुलांचा नव्हता. या विषयावरच्या लेखनात हा आकडा असाच, कशाचे टक्के हे न सांगता, फिरत असतो. म्हणून त्या लेखनाचीच तपासणी करणे आम्हाला आवश्यक वाटते.

कोलॅजेन हे त्वचा, हाडे, स्नायुबंध यांना बळकटी देणारे प्रथिन. त्याच्या तीन साखळ्या दोरीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. ही तिपेडी रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी सुचवली, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. औद्योगिक कोलॅजेन पूर्वापार गुरांच्या व डुकरांच्या कातडीपासून मिळते. परंतु १९९० च्या दशकात ब्रिटनमधील गुरांच्या मेंदूविकारामुळे त्याविषयी धास्ती निर्माण झाली आणि संशोधकांचे लक्ष माशांकडे वळले.

या प्रवाहातील एक बहुचर्चित निबंध म्हणजे नागाई आणि सुझुकी या जपानी संशोधकांनी २००० साली ‘फूड केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला. मासळीची कातडी, हाडे व पर यांतून कोलॅजेन वेगळे करून त्यांनी कातडीचा उतारा सुमारे ५० ते ५१ टक्के दिला. निबंधाचे काम चोख आहे. हा आकडा गोठवून सुकवलेल्या पदार्थाच्या वजनावर काढला आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढच्या लेखनातून नेमके हेच शब्द गळून पडतात.

त्याने काय फरक पडतो? ताज्या कातडीत दोनतृतीयांश पाणी आहे असे धरू. मग १ किलो ओल्या कातडीत कोरडा भाग सुमारे ३३० ग्रॅम, आणि त्याच्या निम्मे म्हणजे जेमतेम १६५ ग्रॅम कोलॅजेन. कारखान्याच्या दारात मात्र ओली कातडी येते, कोरडी नव्हे.

दुसरा मुद्दा पाण्याचा. प्रयोगशाळेतील नेहमीची पद्धत अशी : प्रथम सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने इतर प्रथिने काढायची, मग ब्यूटेनॉलच्या द्रावणाने चरबी, मग ०.५ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात कातडी दोनतीन दिवस ४ अंश सेल्सिअसला ठेवून कोलॅजेन विरघळवायचे. पुढे मिठाने साका खाली बसवायचा, पडद्यातून क्षार काढून टाकायचे आणि गोठवून सुकवायचे. १ किलो कातडीला अल्कली १० लिटर, तीनदा बदलून, ब्यूटेनॉलचे द्रावण १० लिटर आणि आम्ल ३० लिटर असे धरले, तर ७० लिटर द्रव होतो. म्हणजे १ किलो कोलॅजेनमागे ४२० लिटरांहून अधिक. यात धुण्याचे पाणी धरलेले नाही, शीतगृहाची वीजही नाही. कारखान्यात पाणी व आम्ल पुन्हा वापरता येते, हे खरे. परंतु ते किती वापरले याचा आकडा दिल्याशिवाय ‘शाश्वत’ हे विशेषण लावणे म्हणजे उत्तरपत्रिका न तपासता गुण देणे होय.

इतकी थंडी कशासाठी? माशांच्या कोलॅजेनचे पेड कमी तापमानाला सुटतात. गुरांचे सुमारे ४० अंशांपर्यंत टिकते, थंड समुद्रातील कॉडचे १५ अंशांच्या आसपासच उलगडते, आणि नागाई व सुझुकी यांच्या कातडीच्या नमुन्यांचे २५ ते २६.५ अंशांना. कोकणातल्या एप्रिलात यांपैकी माशांचे एकही टेबलावर टिकणार नाही.

इथेच या लेखनातील सर्वांत मोठा गोंधळ उघड होतो. पेड शाबूत असलेले ते कोलॅजेन, उष्णतेने पेड सुटलेले ते जिलेटिन आणि विकरांनी बारीक तुकडे केलेली ती पेप्टाइडे. बाजारात पिण्यासाठी मिळणारी ‘कोलॅजेन पावडर’ बहुधा या तिसऱ्या प्रकारची असते. शेवटी तुकडेच करायचे असतील, तर थंडीत तीन दिवस पेड जपण्याचा खटाटोप कशासाठी? गरम पाणी आणि विकर पुरेसे आहेत. उलट जखमेवरील उपचारासाठी कधी कधी कोलॅजेन काढण्याचीच गरज नसते. ब्राझीलमध्ये भाजलेल्या रुग्णांवर निर्जंतुक केलेली तिलापिया माशाची कातडीच वापरून पाहिली गेली. आइसलँडमध्ये कॉडच्या कातडीपासून पेशी काढून जखमेवरचे आवरण तयार होते. उपयोग आधी ठरवावा, कृती मागाहून. बहुतेक लेखांत हा क्रम उलटा असतो.

तिसरा प्रश्न ‘टाकाऊ’ या शब्दाचा. कोळ्याच्या घरी माशाचे डोके कालवणात जाते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी कारखान्यांतून उरलेला भाग फिशमीलकडे वळतो आणि कोंबड्यांच्या किंवा कोळंबीच्या खाद्यात उतरतो. आइसलँडमध्ये कॉडची डोकी भूगर्भातील उष्णतेवर वाळवून नायजेरियाला पाठवली जातात. म्हणजे यांतले पुष्कळसे आधीच कुणाच्या तरी ताटात आहे. ते तिथून उचलले तर त्याची जागा कोण भरणार, हेही हिशेबात हवे. शिवाय उरलेल्या अवयवाला फार किंमत आली की तोच शिकारीचे कारण ठरतो. कॅलिफोर्नियाच्या आखातात तोतोआबा माशाच्या हवेच्या पिशवीला असा भाव आला, आणि त्यासाठी टाकलेल्या जाळ्यांत अडकून वाकिता हा छोटा सागरी सस्तन प्राणी नामशेष होण्याच्या कडेला पोचला.

आमचा विरोध या संशोधनाला नाही. जी कातडी व खवले खरोखरच खाडीत फेकले जाऊन कुजतात, त्यांचा उपयोग व्हायलाच हवा. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने खवल्यांपासून पेप्टाइडे काढण्याचे तंत्र विकसित केले आहे, ते याच दिशेचे पाऊल आहे. आमचे म्हणणे एवढेच की जमा मांडताना खर्चही मांडावा.

हे वर्गात करून पाहता येईल. बाजारातून खवले आणून धुवावेत, वजन करावे आणि काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवावेत. खनिज भाग विरघळून ते लवचीक होतील. उरते ते मुख्यतः कोलॅजेन. ते मंद आचेवर शिजवून गाळले की जिलेटिनचे पाणी मिळेल. सुरुवातीपासून मुलांना वहीत चार रकाने आखू द्यावेत : पाणी किती, व्हिनेगर किती, इंधन किती आणि हाती आले ते किती. सांडपाणी कुठे ओतले, तेही लिहावे. अशी वही प्रदर्शनात तक्त्याशेजारी उघडी ठेवलेली दिसली, तर उतारा ५० ऐवजी ५ टक्के निघाला असला तरी आम्ही तिला अधिक गुण देऊ.