सरोवरकाठची वाट आणि कवीचा एकांत

वर्डस्वर्थची डॅफोडिल फुलांवरील कविता इंग्रजी शिकलेल्या आपल्याकडील बहुतेकांस परिचित आहे. तीत कवी एकटाच भटकत असतो आणि फुले मंद वाऱ्यावर नाचत असतात. परंतु त्याची बहीण डोरोथी हिची दैनंदिनी उघडावी, तो चित्र निराळेच दिसते. १५ एप्रिल १८०२ रोजी ही भावंडे अल्सवॉटर सरोवराच्या काठाकाठाने चालली होती. वारा इतका सोसाट्याचा, की परतावे असे त्यांस वाटले. थोडी सोबत करणाऱ्या क्लार्कसनबाई तर माघारी वळल्याच. गोबॅरो पार्कच्या पुढे पाण्यालगत ती फुले दिसली. काही नाचत होती, तर काही थकून दगडांच्या उशीवर मान टेकून पडली होती. पुढे पाऊसही आला.

कविता झाली १८०४ मध्ये, प्रसिद्ध झाली १८०७ मध्ये. तीत बहीण नाही, वादळ नाही, थकलेली फुलेही नाहीत. यास असत्य म्हणणे अरसिकपणाचे होईल. कारण कवीचा खरा विषय सरोवर नसून स्मरण हा आहे, आणि स्मरण ज्याचे त्यालाच करावे लागते. तथापि एकांतातील अंतर्दृष्टीचे सुख सांगणाऱ्या दोन ओळी पत्नी मेरी हिच्या आहेत, हे कवीनेच मान्य केले आहे. म्हणजे त्याचा एकांतही दोघींच्या देण्यावर उभा आहे!

कवितेने आनंद राखला, पण दमलेल्या फुलांची करुणा गमावली. ती दैनंदिनीत आहे. म्हणून शिक्षकांनी दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावीत, असे आम्हांस वाटते.