गुणवत्तेचे अनुदान आणि तासिकेचा शिक्षक

देहूतला पदवीचा विद्यार्थी सहसा देहूत शिकत नाही. तो निगडी-आकुर्डीला जातो, पिंपरीला जातो, नाहीतर तळेगाव किंवा चाकण गाठतो. यांतले कितीतरी जण दुसऱ्या पाळीला कारखान्यात असतात. त्यामुळे सकाळचे तास संपले की त्यांना कंपनीची बस पकडायची घाई असते. अशा मुलाच्या वाट्याला महाविद्यालय येते ते दिवसाचे तीन-चार तास. त्या तासांना वर्गात कोण उभे आहे, त्याची तयारी किती आहे आणि तो पुढच्या वर्षी तिथे असणार की नाही, यावर त्या मुलाच्या पदवीची किंमत ठरते. ‘गुणवत्ता सुधार’ या नावाने खर्च होणारा पैसा या तासापर्यंत पोहोचतो का, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

हा पैसा तीन वाटांनी येतो. अनुदानित महाविद्यालयांतील मान्य पदांचे वेतन राज्य शासन उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयामार्फत देते. विनाअनुदानित तुकड्यांचा पगार विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघतो. गुणवत्तेच्या नावाचा पैसा मात्र वेगळ्या खिशातला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आपल्या अर्थसंकल्पातून संलग्न महाविद्यालयांसाठी गुणवत्ता सुधार योजना चालवते. तिचे परिचित उपयोग म्हणजे उपकरणखरेदी आणि चर्चासत्रे, परिषदा, कार्यशाळा. केंद्राचे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, म्हणजे रूसा, 2013 मध्ये सुरू झाले. त्यात महाविद्यालयाला पायाभूत सुविधांसाठी मिळणाऱ्या दोन कोटींची वाटणी ठरलेली होती: 35 टक्के नवे बांधकाम, 35 टक्के नूतनीकरण, 30 टक्के साधनसामग्री. शिकवण्यासाठी यात टक्का नाही.

पण रूसाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या आराखड्यात प्राध्यापकभरतीला मदत हा स्वतंत्र घटक होता आणि राज्यांनी रिक्त जागा भराव्यात अशी अपेक्षाही होती. 2023 मध्ये त्याचे रूपांतर पीएम-उषात झाले. 2023-24 ते 2025-26 या तीन वर्षांसाठी 12,926 कोटी रुपयांची तरतूद आणि पाच घटक: बहुविद्याशाखीय विद्यापीठे, विद्यापीठांचे बळकटीकरण, महाविद्यालयांचे बळकटीकरण, नवी आदर्श पदवी महाविद्यालये आणि लिंगसमावेशकता व समता. भरतीचा घटक या पाचांत नाही. तो कसा गळला, यावर आपल्याकडे फारशी चर्चाही झाली नाही. इमारतीची कोनशिला बसवता येते, पदाची बसवता येत नाही, हे कदाचित त्याचे कारण असेल.

महाराष्ट्रात तर याच काळात भरती अडली होती. 2017 मध्ये वित्त विभागाने पदभरती रोखली. नोव्हेंबर 2018 मध्ये 3,580 सहायक प्राध्यापकांच्या पदांना परवानगी मिळाली. कोरोनाच्या काळात भरती पुन्हा थांबली आणि त्यांतली उरलेली 2,088 पदे भरण्याची परवानगी 2021 मध्ये नव्याने घ्यावी लागली. दरम्यान वर्ग रिकामे राहिले नाहीत. ते तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी चालवले आणि आजही तेच चालवत आहेत.

तासिका तत्त्व म्हणजे घेतलेल्या तासाचा मोबदला. वह्या तपासणे, शंका सोडवणे, नवा अभ्यासक्रम वाचून टिपणे काढणे, मागे पडलेल्या मुलाला बाजूला बसवून समजावणे, यांतले काहीही तास नाही. म्हणून त्याला पैसा नाही. अध्यापनाची गुणवत्ता म्हणतात ती बहुतांशी याच बिनपगारी कामात असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी शिक्षकासाठी तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये असे मार्गदर्शक दर ठरवले. तो आकडा पूर्ण मिळाला तरी मोजमाप तासाचेच राहते. शिवाय सुट्टीत उत्पन्न नाही आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत.

मी ज्या महाविद्यालयांत शिकवले त्यांतल्या एकात भाषा प्रयोगशाळेसाठी अनुदान आले होते. मार्चअखेर खर्च दाखवायचा म्हणून घाईने संगणक आणि हेडफोन आले, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद झाली, उपयोगिता प्रमाणपत्र गेले. जूनमध्ये प्रयोगशाळा शिकवणारी तासिकेची शिक्षिका दुसरीकडे रुजू झाली. किल्ली वर्षभर कार्यालयातच होती. यात कोणी पैसा खाल्ला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. प्रत्येक कागद नियमाप्रमाणे होता. लेखापरीक्षकाला खुर्ची मोजता येते. एखाद्या शिक्षिकेने पंधरा निबंध नीट वाचले, हे त्याच्या कोणत्या रकान्यात बसणार?

हा दोष आपल्यापुरताच नाही. इंग्लंडने 2005 ते 2010 या काळात अध्यापनातील उत्कृष्टतेची 74 केंद्रे उभारली, त्यांवर 315 दशलक्ष पौंड खर्च केले. केंद्रांत चांगले काम झाले, पण ते इतर विभागांत फारसे झिरपले नाही. जर्मनीचा अनुभव जास्त उपयोगी आहे. 2011 ते 2020 या दशकात तेथे अध्यापनाच्या गुणवत्तेसाठी सुमारे दोन अब्ज युरो दिले गेले आणि त्यांतला मोठा भाग माणसांवर, म्हणजे शिकवणाऱ्यांवर व विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्यांवर गेला. मात्र नेमणुका मुदतीच्या होत्या. 2021 पासून लागू झालेल्या केंद्र-राज्य करारात निधी कायमस्वरूपी केला आणि कायम पदांवर भर दिला. चूक कळायला त्यांनाही दहा वर्षे लागली.

विद्यापीठाचा युक्तिवाद मला माहीत आहे: पदे मंजूर करणे हे शासनाचे काम, आम्ही फक्त पूरक मदत करतो. तो बराचसा खराही आहे. खुद्द विद्यापीठाच्या विभागांतल्या रिक्त जागाही त्याच परवानगीत अडकतात. राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात पुणे विद्यापीठ 2024 मध्ये 23 वे होते, 2025 मध्ये 56 वे झाले. त्या मोजमापात विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती हे पाहिले जाते. देहूचे नाव या विद्यापीठात संत तुकाराम अध्यासनाच्या रूपाने आहे. सदानंद मोरे यांच्यासारखा देहूकर अभ्यासक तेथे बसला, म्हणून त्या अध्यासनाला वजन आले. हे विद्यापीठाला कळत नाही असे कोण म्हणेल?

पण पूरक मदत कशाला द्यायची, हे तर विद्यापीठाच्याच हाती आहे. गुणवत्ता सुधार योजनेत एक शीर्ष असे का नसावे, की ज्यातून तासिकेच्या शिक्षकाला आठवड्याचे चार तास वर्गाबाहेरच्या कामासाठी दिले जातील? नोंद ठेवणे अवघड नाही: कोणत्या विद्यार्थ्यांच्या वह्या पाहिल्या, कोण भेटायला आले. एका चर्चासत्राच्या मांडव-भोजनाच्या खर्चात दोन शिक्षकांचे एक सत्र सहज निघेल. आणि ज्या उपकरणासाठी अर्ज आहे ते पुढची तीन वर्षे कोण चालवणार, त्याचे पद कोणते, एवढा एक रकाना अर्जाच्या पहिल्या पानावर हवा. तो कोरा असेल तर अर्ज परत पाठवावा.