पुरावा वाचकाच्या हाती : कुमारवाङ्मयाविषयी काही विचार

कुमारवयीन वाचकांस इतिहास, साहित्य व कला यांचा परिचय करून देणाऱ्या पुस्तकांची परीक्षा आपल्याकडे बहुधा सुबोधता या एकाच कसोटीवर होते. वाक्ये लहान आहेत काय, शब्द परिचयाचे आहेत काय, एवढे पाहून परीक्षक मोकळा होतो. सुबोधता हा अशा लेखनाचा आवश्यक गुण खरा. परंतु ते त्याचे मर्म नव्हे. लेखक वाचकापुढे तयार निर्णय ठेवतो की निर्णयाची साधने ठेवतो, हा मूळ प्रश्न आहे.

१९२८ च्या उन्हाळ्यात जवाहरलाल नेहरूंनी मसुरीस राहिलेल्या आपल्या दहा वर्षांच्या कन्येस जी पत्रे लिहिली, ती १९२९ साली पुस्तकरूपाने निघाली. प्रेमचंदांनी ती हिंदीत आणली. पृथ्वीच्या इतिहासाचा आरंभ नेहरू राजांच्या नामावळीने करीत नाहीत. ते एका गुळगुळीत गोट्याकडे बोट दाखवितात. याचे कोपरे कोठे गेले, हा डोंगरावरून नदीत कसा आला, हे त्या गोट्यावरूनच वाचावयाचे आहे. इतिहास म्हणजे पुराव्याचे वाचन, हा सिद्धान्त व्याख्येवाचून मुलीच्या तळहातावर ठेवला जातो.

साहित्याच्या बाबतीत पुरावा म्हणजे शब्द. चार्ल्स व मेरी लॅम या भावंडांनी १८०७ साली शेक्सपिअरच्या वीस नाटकांच्या कथा मुलांसाठी सांगितल्या, तेव्हा शक्य तेथे कवीचेच शब्द कथनात राखण्याचा त्यांचा संकल्प होता. केवळ कथानक सांगणे त्याहून सोपे होते. पण शेक्सपिअरची कथानके बहुतांशी उसनी आहेत, भाषा तेवढी त्याची स्वतःची! या ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. इंग्लंडच्या इतिहासावरील नाटके त्यात नाहीत, आणि फॉल्स्टाफही नाही. वाचकास काय सोसेल याचा निर्णय येथे लेखकांनी परस्पर केला आणि त्या मानाने ग्रंथ उणा झाला.

कलेच्या क्षेत्रात ई. एच. गोम्ब्रिच यांचा कलेतिहास (१९५०) हे तिसरे उदाहरण होय. नुकतीच कलेची ओळख होऊ लागलेला कुमारवयीन वाचक त्यांनी प्रामुख्याने डोळ्यांपुढे ठेवला होता. हा वाचक पांडित्याचा आव व खोटी भावविवशता चटकन ओळखतो, यास्तव त्याच्यासाठी लिहिताना अधिकच सावध असले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. ज्या कृतीचे चित्र पुस्तकात देता येणार नाही, तिच्याविषयी शक्यतो लिहावयाचे नाही, हा नियमही त्यांनी स्वतःस घालून घेतला. वाचक लेखकाचे विधान त्याच पुस्तकातील चित्राशी ताडून पाहू शकतो; लेखकाशी त्याचा मतभेदही होऊ शकतो.

याच गोम्ब्रिचांनी तरुणपणी, व्हिएन्नात असताना, मुलांसाठी जगाचा संक्षिप्त इतिहास लिहिला होता. सुमारे अर्धशतकाने, १९८५ च्या आवृत्तीस जोडलेल्या नव्या प्रकरणात, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी दिलेल्या आश्वासनांविषयी आपण लिहिले ते चुकीचे होते, भोवतालच्या समजुतीवर आपण पडताळा न घेता विश्वास ठेवला, असे त्यांनी बालवाचकांस सांगितले. जुना मजकूर गुपचूप बदलता आला असता. तसे न केल्यामुळे, इतिहास तपासता येतो आणि तपासावाच लागतो, हा धडा पुस्तकाने स्वतःच्या उदाहरणाने दिला.

मराठीत मात्र इसापनीतीपासून कथेच्या शेवटी तात्पर्य देण्याची प्रथा रूढ झाली. नीतिकथेस ती शोभते. इतिहासाच्या वा कलेच्या पुस्तकात ती शिरली की घटना तात्पर्याची दासी होते. शौर्य, त्याग, देशभक्ती यांची लेबले लावलेली चरित्रे वाचून मुलास थोरांची नावे कळतात. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते ते कशावरून कळते, हे कळत नाही.

भाषांतरकारापुढे हाच प्रश्न व्याकरणाच्या रूपाने उभा राहतो. गोम्ब्रिचांच्या जर्मनमधील एकवचनी संबोधन जवळिकीचे आहे. पण त्यावरून वाचक मुलगा की मुलगी हे ठरत नाही. मराठीत ‘तू पाहतोस’ म्हटले की मुलगी पुस्तकाबाहेर राहते, ‘तू पाहतेस’ म्हटले की मुलगा. ‘तुम्ही पाहता’ हा निर्धोक मार्ग खरा, पण त्यासरशी दोघांमधील संवादाचा वर्ग होतो आणि लेखक फळ्याजवळ जाऊन उभा राहतो. ‘तू पाहिले आहेस’, ‘तू पाहशील’ अशा रूपांच्या आश्रयाने बरीच वाट काढता येते; ती कष्टाची आहे, म्हणून टाळली जाते. नेहरूंच्या पत्रांत हा पेच नाही. ती कन्येस लिहिलेली आहेत. तेथे ‘तू पाहतेस’ हेच योग्य, आणि मुलग्यांनीही ती तशीच वाचावीत.

सारांश, कुमारांसाठी लिहिणे म्हणजे ज्ञान पातळ करून देणे नव्हे. गोटा, कवीचा शब्द, चित्र आणि लेखकाची चूकसुद्धा वाचकाच्या हाती देऊन लेखकाने किंचित बाजूस सरले पाहिजे. आपल्या भाषांतील अशा पुस्तकांचे परीक्षण करताना, वाचकास लेखकाशी असहमत होण्यापुरते साहित्य यात आहे काय, हा प्रश्न सुबोधतेच्या आधी विचारला जावा.