काठावरचा वाचक आणि प्रवाहातला वाचक : मत्स्यविनोदाचे साहित्य व आरेतील लहान नद्या

प्रस्तावना

लहान नदीच्या प्रवाहात गुडघाभर पाण्यात उभे राहावे, पिसे आणि दोरा गळाला बांधून तयार केलेली कृत्रिम माशी पाण्यावर अलगद टाकावी आणि ट्राउट किंवा बास जातीचा मासा धरावा, हा पाश्चात्त्य देशांत जसा छंद आहे तसा तो एक प्रतिष्ठित साहित्यविषयही आहे. इंग्रजीत या विषयावर पाच शतके लेखन होत आले. मराठी ललित गद्यात मात्र असा लेखनप्रकार रुजला नाही. आपल्या नद्यांत ट्राउट नाही, हे त्याचे वरवरचे उत्तर झाले. खरा प्रश्न वेगळा आहे. नदीचे वर्णन करणारा लेखक उभा कोठे असतो : घाटावर, पुलावर, की पाण्यात?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मत्स्यविनोदाच्या काही महत्त्वाच्या ग्रंथांना विचारला आहे. त्या ग्रंथांच्या वाचनासाठी मुंबई उपनगरातील आरे वसाहतीची पार्श्वभूमी मुद्दाम घेतली आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेली ही दुग्धवसाहत तबेले, वृक्षराजी आणि आदिवासी पाडे यांसाठी परिचित आहे. परंतु ती नद्यांच्या उगमाचाही प्रदेश आहे, हे क्वचितच लक्षात घेतले जाते. ओशिवरा नदी येथेच उगम पावते आणि गोरेगाव-जोगेश्वरीतून मालाडच्या खाडीस मिळते. विहार (१८६०) आणि पवई (१८९१) या तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी आरेच्या उतारांवरील पाणी घेत माहीमच्या खाडीपर्यंत जाते. या ओढ्यांत पावसाळ्यात पाय घालून मासे धरणारी माणसे आजही आहेत. त्यांच्या ज्ञानाला ग्रंथ नाही, आणि ज्या ग्रंथांना प्रतिष्ठा आहे त्यांना हे ओढे ठाऊक नाहीत.

इंग्रजी परंपरा : चिंतन आणि मालकी

आयझॅक वॉल्टन यांचा 'द कम्प्लीट अँग्लर' हा ग्रंथ १६५३ मध्ये, म्हणजे इंग्लंडमधील यादवी युद्धानंतर प्रसिद्ध झाला. चिंतनशील माणसाचे मनोरंजन अशी त्याची भूमिका त्याच्या उपशीर्षकातच सांगितलेली आहे. तथापि वॉल्टन हा प्रामुख्याने काठावर बसून आमिष लावणारा गळकरी होता. स्वच्छ वाहत्या पाण्यात कृत्रिम माशीने ट्राउट कसा धरावा, हे सांगणारा भाग चार्ल्स कॉटन यांनी १६७६ च्या आवृत्तीत जोडला. कॉटन यांचे घर डव्ह नदीच्या काठीच होते. त्यामुळे ग्रंथाच्या पहिल्या भागात नदी ही संवादाची पार्श्वभूमी आहे, तर दुसऱ्या भागात ती अभ्यासाचा विषय होते. कोणत्या महिन्यात कोणता कीटक पाण्यावर उतरतो, याचे भान ठेवल्याशिवाय कृत्रिम माशी बांधताच येत नाही. या कलेची मोठी देणगी ही आहे : मासा धरण्यासाठी माणसाला आधी नदीचे पंचांग शिकावे लागते.

नॉर्मन मॅक्लीन यांच्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' (१९७६) या दीर्घकथेत हेच ज्ञान शोकाचे वाहन होते. मोंटानातील ब्लॅकफूट नदी, धर्मोपदेशक पिता आणि अकाली गेलेला भाऊ यांची ही कथा प्रवाह वाचण्याच्या कौशल्यावर उभी आहे. भावाला समजून घेता आले नाही, परंतु त्याचे पाण्यातील उभे राहणे समजले, असे तिचे सूत्र सांगता येईल.

या परंपरेचा एक व्यावहारिक परिणाम समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतो. १९४८ मध्ये इंग्लंडमधील गळकऱ्यांनी प्रदूषणाविरुद्ध न्यायालयीन लढ्यासाठी सहकारी संस्था स्थापन केली. पुढे डर्वेंट नदी दूषित केल्याबद्दल डर्बी येथील गळकऱ्यांच्या संस्थेने एक कारखाना, नगरपालिका आणि वीज प्राधिकरण यांच्याविरुद्ध दावा जिंकला आणि १९५३ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ज्यांच्यासाठी नदी हा तीन शतके वाचलेला ग्रंथ होता, त्यांना तिचे बिघडणे आधी कळले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तेवढेच म्हणणे अपुरे ठरेल. त्या दाव्याचा आधार मासेमारीचा मालकी हक्क हा होता. साहित्याने नदीवर प्रेम करायला शिकवले. न्यायालयात मात्र दस्तऐवज चालला. आरेसंबंधी विचार करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

सोमेश्वर आणि एकनाथ : गळाची दोन टोके

गळाने मासेमारी हा विषय आपल्या परंपरेला परका होता, हा समज टिकण्यासारखा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ज्ञानकोशात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. माशांच्या जाती, त्यांचे आकार, खवले असलेले व नसलेले असे भेद, त्यांची राहण्याची ठिकाणे, त्यांना द्यावयाचे खाद्य, काठी, दोरी व गळ यांची घडण असा तपशील त्यात येतो. वॉल्टनच्या पाच शतके आधीचे हे लेखन आहे. मराठीच्या प्राचीन रूपाचा पुरावा शोधणाऱ्या अभ्यासकांनी मानसोल्लास चाळला. मत्स्यविनोदाकडे मात्र १९५१ मध्ये लक्ष वेधले ते सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने. आपल्या अभ्यासशाखांतील भिंती किती जुन्या आहेत, याचे हे एक उदाहरण होय.

तरीही सोमेश्वराचा गळकरी हा राजा आहे. मासे ठरावीक जागी खाद्याला सरावतात आणि मग राजा तेथे येतो. त्याच्या ज्ञानात मासा आहे, पाणीही आहे. परंतु ते पाणी राजाकडे आलेले आहे, राजा पाण्यात उतरलेला नाही.

मराठी परंपरेने पुढे गळाचे दुसरे टोक हाती घेतले. एकनाथांनी १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या भागवतटीकेच्या आठव्या अध्यायात अवधूताच्या गुरूंमध्ये मीन येतो. रसनेच्या लोभाने आमिष गिळणारा मासा येथे शिकवण देतो. वॉल्टनकडे चिंतन गळ टाकणाऱ्याच्या वाट्याला येते, तर एकनाथांकडे बोध गळाला लागलेल्याकडून मिळतो. आपली भाषाही या दुसऱ्या बाजूनेच बोलते. 'गळाला लागणे' आणि 'आमिष दाखवणे' या प्रयोगांत फसवणुकीचा अर्थ आहे, 'गळ घालणे' यात आर्जवाचा. गळ हे शांत मनोरंजनाचे साधन आहे, असा एकही रूढ वाक्प्रयोग मराठीत घडला नाही. ज्या भाषेची सहानुभूती माशाकडे आहे, त्या भाषेत गळकऱ्याचे आत्मचरित्र सहज लिहिले जाणार नाही. याला उणीव म्हणण्यापेक्षा वेगळी नीतिदृष्टी म्हणणे अधिक योग्य होईल. मात्र या दृष्टीने एक किंमत मोजली : मासा रूपक झाला आणि त्याच्याबरोबर नदीही रूपक झाली.

साइक्स आणि थॉमस : नावे कोणाची, दोष कोणाचा

एकोणिसाव्या शतकात वसाहतकालीन अधिकाऱ्यांनी दख्खनच्या नद्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतील खुद्री हा महसीर पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील आहे. महत्त्वाचे म्हणजे साइक्स यांनी अनेक शास्त्रीय नावांत स्थानिक मराठी नावेच ठेवली. कोळस, सांडखोल, फुलंगी, अळकुटी ही भोई-कोळ्यांच्या तोंडची नावे अशा रीतीने लॅटिन नामावलीत गेली. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती आज परकी वाटतात आणि मराठीच्या विद्यार्थ्याला ती माहीतच नसतात. ही नावे सांगणाऱ्या माणसांची नावे मात्र कोठेही नोंदली गेली नाहीत.

हेन्री सलिव्हन थॉमस यांचा 'द रॉड इन इंडिया' (१८७३) हा भारतातील मत्स्यविनोदाचा पायाभूत ग्रंथ मानला जातो. महसीर हा झुंजीत सामनपेक्षा सरस आहे, हे त्यांचे प्रतिपादन पुढील पिढ्यांनी प्रमाण मानले. थॉमस हे खरोखर पाण्यात उतरलेले लेखक होते. विणीच्या काळात मासे कोठे जातात, पिले कोणत्या पाण्यात वाढतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. पिलांचा आणि विणीच्या माशांचा संहार थांबवण्याचा त्यांनी सातत्याने आग्रह धरला. पुढे आलेल्या १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्याने सुरुंग व विष वापरून मासे मारण्यास बंदी केली. हे त्या पिढीचे मोल आहे.

परंतु थॉमस यांच्या मांडणीतील दोषाचे वाटप तपासून घ्यावे लागते. काठीने मासा धरणारा साहेब त्यांच्या गद्यात निसर्गाचा रसिक आहे. बारीक जाळे किंवा सापळा लावणारा रहिवासी हा नासाडी करणारा आहे. पहिल्याला खेळ आहे, दुसऱ्याला पोट आहे, हा फरक ते जाणतात; पण न्याय करताना तो बाजूला ठेवतात. त्याच काळात ज्या मोठ्या धरणांनी आणि बंधाऱ्यांनी माशांच्या चढणीच्या वाटा अडवल्या, त्यांच्या तुलनेत टोपलीचा अपराध किती, हे प्रमाण त्यांच्या गद्यात हरवते. महसीर पुढे वाचवण्याचा जो प्रयत्न झाला, तोही धरणाच्या काठीच करावा लागला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीजकंपनीच्या केंद्रात मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात खुद्रीची कृत्रिम पैदास यशस्वी झाली.

वलगण : अलिखित ग्रंथ

ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यात पहिल्या जोरदार पावसानंतर ओढे फुगतात आणि मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्यात, भातखाचरांपर्यंत चढतात. या चढणीला वलगण म्हणतात. आरेच्या पाड्यांवरील वारली, मल्हार कोळी, काटकरी यांच्या पावसाळी आहारात ओढ्यातील मासे आणि खेकडे यांचे स्थान जुने आहे. वलगणीचा मासा धरणाऱ्याला पावसाचा जोर, पाण्याचा रंग, दगडाआडची संथ जागा आणि रात्रीची वेळ यांचा मेळ घालावा लागतो. कॉटन यांच्या कीटकांच्या पंचांगाहून हे ज्ञान कोणत्याही अर्थाने उणे नाही. पाण्यात उभे राहण्याचे कौशल्य दोघांचेही आहे. एकाचे पुस्तक झाले, दुसऱ्याचे नाही, एवढाच फरक आहे.

पुस्तक झाले नाही, पण चित्र झाले. मासे, जाळी आणि सापळे हे वारली चित्रांतील वारंवार येणारे विषय आहेत. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांची जाळ्याची चित्रे या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. जाळ्याची वीण जवळजवळ सारा अवकाश व्यापते आणि माणूस तिच्या एका कडेला लहानसा राहतो. इंग्रजी मत्स्यगद्यात गळकरी मध्यभागी आणि नदी सभोवती असते. येथे मध्यभागी कोणीच नाही. मानवकेंद्री दृष्टीची चर्चा आपण सिद्धान्तातून बरीच करतो. तिचा प्रत्यक्ष पर्याय चित्रकाराने रेषेत दाखवला आहे.

वलगणीचे उदात्तीकरण मात्र टाळले पाहिजे. चढणीच्या माशाच्या पोटात अंडी असतात आणि बाजारासाठी सरसकट पकड झाली तर ओढा रिता होतो. थॉमस यांचा आक्षेप येथे खरा ठरतो. घरापुरते धरणे आणि विक्रीसाठी ओरबाडणे यांतील सीमा कोणी आखावयाची, हा प्रश्न उरतो. ती सीमा ओढ्यात उतरणाऱ्या समाजाने आखली तरच पाळली जाईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नदी की नाला

मुंबईच्या साहित्यिक भूगोलात मिठीचे एक टोक दिसते. मधु मंगेश कर्णिक यांच्या 'माहीमची खाडी' या कादंबरीने जेथे हे पाणी समुद्राला मिळते तेथील झोपडवस्तीचे जीवन मराठी वाचकासमोर ठेवले. उगमाकडचे टोक मात्र अलिखित राहिले. ज्या प्रवाहाला लेखन नाही त्याला नाव टिकवणेही कठीण जाते. मिठी आणि ओशिवरा यांना अनेक वर्षे बोलण्यात व व्यवहारात नालाच म्हटले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी ही नदी असल्याचे शहराला नव्याने कळले. आरेच्या बाबतीतही वाद शब्दापाशीच येऊन थांबला. हा भूभाग 'वन' मानावा अशी मागणी करणाऱ्या याचिका ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि लगोलग मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. कारशेडची ती जागा मिठीच्या काठची होती. डर्बीच्या गळकऱ्यांजवळ मालकी हक्काचा कागद होता. आरेच्या पाड्यांजवळ पिढ्यांचा वावर आहे, परंतु ओढ्यावरचा हक्क कोणत्याही कागदावर नाही.

आणखी एक विसंगती नोंदवली पाहिजे. आरेतील उद्यानाला 'छोटा काश्मीर' म्हणतात. खऱ्या काश्मीरमधील ट्राउटही तेथला नव्हे. १९०० च्या सुमारास गळकऱ्यांच्या हौसेखातर तो ब्रिटनमधून आणला गेला. एका ठिकाणी नदीत परका मासा सोडून परदेश उभा केला, दुसऱ्या ठिकाणी बागेला नाव देऊन. दोन्हीकडे स्थानिक पाण्याला स्वतःच्या नावाने ओळखणे राहून गेले. पवईकाठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या रूपाने गळकऱ्यांची संघटित परंपरा टिकून आहे. परंतु तिचे क्षेत्र तलाव आहे, वाहता ओढा नव्हे. ओढ्यात तर तबेल्यांचे शेण आणि वस्त्यांचे सांडपाणी उतरते. पावसाळी पाण्यात पाय घालणे म्हणजे मुंबईकराच्या मनात आज प्रथम लेप्टोस्पायरोसिसचे भय. जेथे पाण्यात उभे राहणे धोक्याचे झाले, तेथे नदीचे वाचनच थांबते.

समारोप

वरील वाचनातून एक निकष हाती येतो. नदीविषयीच्या साहित्याचे मूल्यमापन करताना शैली व भावनेबरोबरच लेखकाचे पाय कोठे आहेत, हेही तपासले पाहिजे. सोमेश्वराकडे तपशील आहे, एकनाथांकडे करुणा आहे, कॉटन आणि थॉमस यांच्याकडे प्रवाहाचे ज्ञान आहे. वारली चित्रकाराकडे ते ज्ञान माणसाला मध्यभागी न ठेवता प्रकट होते. मराठी गद्याला हे चारही वारसे उपलब्ध आहेत.

उपनगरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. मराठी आणि प्राणिशास्त्र या दोन विभागांना एकत्र येऊन पाड्यांवरील माणसांकडून ओढ्यांची, माशांची आणि डोहांची नावे नोंदवता येतील. साइक्स यांनी नावे घेतली आणि सांगणारे वगळले. या वेळी सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, प्रथम लिहावे. मासा, डोह आणि वळण यांना नावे असलेल्या पाण्याला नाला म्हणून झाकून टाकणे अधिक अवघड जाते. ओशिवरेच्या उगमाकडे अजून पाऊस पडतो आणि मासे अजून चढतात. तोवर हे काम होणे आवश्यक आहे.