हरणारी व्हीनस

व्हीनस म्हटलं की आपल्याकडे चटकन रती आठवते. पण रती मदनाची बायको. व्हीनस क्युपिडची आई. आई आली की पोरावर डाफरणं आलं, कुरकुर आली, सुनावून घेणंही आलं. सोळाव्या शतकातल्या इंग्रज कवींनी याचा पुरेपूर फायदा घेतला. त्यांच्या लेखनात तिचं नाव ऊठसूट येतं, पण बहुतेक ठिकाणी ते कबुतरं नि गुलाबांसह आलेली निव्वळ सजावट असते. ती जिवंत होते, ते तिचं काही चालेनासं झालं की.

शेक्सपिअरचं ‘व्हीनस अँड अ‍ॅडोनिस’ हे काव्य १५९३ मध्ये छापलं गेलं. त्या काळात प्लेगमुळे लंडनची नाटकघरं बंद होती. रोमन कवी ओव्हिडचा अ‍ॅडोनिस व्हीनसला नकार देत नाही; शेक्सपिअरचा देतो, आणि ११९४ ओळींचा डोलारा त्या एका नकारावर उभा राहतो. घामाघूम झालेली प्रेमदेवता पोराला घोड्यावरून ओढून काखोटीला मारते. त्याचा जीव मात्र रानडुकराच्या शिकारीत. हसू येतं, आणि पुढे अ‍ॅडोनिस मेल्यावर त्या हसण्याची लाज वाटते. शेक्सपिअरच्या हयातीत त्याच्या दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या नाहीत.

मार्लो आणखी खट्याळ. त्याची नायिका हीरो व्हीनसच्याच देवळातली पुजारीण, पण व्रत कौमार्याचं! तिचा प्रियकर लिअँडर नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवून तिच्याशी वाद घालतो. नाटककार पील आणि लिली यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या नाटकांचे प्रयोग अविवाहित एलिझाबेथ राणीच्या दरबारात व्हायचे. पीलच्या ‘द अरेनमेंट ऑफ पॅरिस’मध्ये (१५८४) सोन्याचं फळ शेवटी व्हीनसला नव्हे, राणीला मिळतं. ही खुशामत आहे, आणि तिच्यात देवी फिकी पडते.

व्हीनस जिंकते ती पोर्तुगीजांकडे. कामोंइश हा कवी १५५३ मध्ये गोव्यात आला होता. त्याच्या ‘लुसियाद’मध्ये (१५७२) ती वास्को द गामाच्या जहाजांची पाठराखीण आहे, पोर्तुगीज भाषा तिला लॅटिनसारखी वाटते, हेही त्या मायेचं एक कारण. परतीच्या वाटेवर खलाशांसाठी ती अप्सरांनी भरलेलं बेटच मांडून ठेवते. रचना देखणी आहे, यात वाद नाही. पण ज्या किनाऱ्यावर ही जहाजं लागली, तिथल्या वाचकाला हे बक्षीस गोड लागणं कठीण. शृंगाराची देवी इथे आरमाराची कुलदेवता झाली आहे. मला अ‍ॅडोनिसपुढे हरणारी व्हीनसच अधिक खरी वाटते.

शेक्सपिअरच्याच ‘द टेंपेस्ट’ या नाटकात तर तिला रंगमंचावर पाऊलही टाकू दिलेलं नाही. प्रॉस्परोच्या मुलीचं लग्न ठरलंय, आणि लग्नाआधी काही भलतं घडू नये याची त्याला धास्ती आहे. म्हणून देवदूती आयरिस फक्त बातमी देते: व्हीनस दिसली, मुलासह कबुतरांच्या रथातून आपल्या पॅफोसच्या ठाण्याकडे निघाली होती. अ‍ॅडोनिस मेल्यावर जगाला तोंड न दाखवण्याचं ठरवून ती निघाली होती, तेव्हाही रथ कबुतरांचाच होता, आणि वाट पॅफोसचीच.